बाबासाहेबांचे लंडन आणि आपली मुले



एप्रिल महिना आला की ठिकठिकाणच्या विहारांत अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. पोरं पहाटे येऊन बसतात ती रात्री उशिरा उठतात. उपक्रम चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अलीकडे या अठरा तासांची एक छडी झाली आहे आणि ती घराघरांत मुलांच्या पाठीवर उगारली जाते.

आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली आता परदेशी शिकायला जाऊ लागली आहेत. शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या ७५ जागा आहेत. कुणी त्यातून जातो, कुणी कर्ज काढून जातो. मुलगा लंडनला पोचला की आठ दिवसांत फोनवर फोटो येतात. टॉवर ब्रिज, राजवाडा, नदीकाठचे ते भलेमोठे चक्र. आई हरखून जाते, शेजारणीला दाखवते. आणि घरातले एखादे वडीलधारे माणूस म्हणते, "बाबासाहेब तिथं अठरा अठरा तास वाचत बसायचे, आणि हे बघा, फिरतंय गावभर!" आई गप्प बसते. पोरगाही मग फोटो पाठवायचे बंद करतो.

हे बोलणे मला बरोबर वाटत नाही. बाबासाहेब लंडनमध्ये फिरले नाहीत हे आपण फार अभिमानाने सांगतो. ते का फिरले नाहीत, आणि न फिरताही त्यांना त्या शहरात काय बघायला मिळाले, हे सांगायचे राहून जाते. तेवढाच इतिहास इथे मांडतो.

बाबासाहेब लंडनला दोन वेळा विद्यार्थी म्हणून गेले. पहिल्यांदा १९१६ साली, अमेरिकेतले कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण करून. त्या वेळी पहिले महायुद्ध चालू होते. जर्मनांची झेपेलिन विमाने रात्री बॉम्ब टाकून जात, म्हणून रस्त्यावरचे दिवे मंद केलेले असत. अशा अंधाऱ्या शहरात पंचवीस वर्षांचा हा तरुण उतरला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी नाव घातले. पण बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. येताना सामानातली पुस्तके वेगळ्या बोटीने पाठवली होती, ती बोट पाणतीराने बुडाली. पुस्तके गेली.

दुसऱ्यांदा ते गेले १९२० साली. मधल्या काळात मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. त्याच वर्षी जानेवारीत 'मूकनायक' सुरू झाले होते, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली होती. एवढे सगळे मागे ठेवून वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी हा गृहस्थ पुन्हा विद्यार्थी झाला. तेव्हा 'फिरले नाहीत' याचे पहिले कारण हे, की खिशातला प्रत्येक शिलिंग एक तर उसना होता नाहीतर पोट मारून साठवलेला होता.

१९२१-२२ मध्ये ते १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत होते. शहराच्या वायव्य भागात, युस्टनहून निघणाऱ्या रेल्वेमार्गाच्या कडेला हा रस्ता आहे. घरमालकीण कडक होती. धनंजय कीरांनी चरित्रात लिहिले आहे ते आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचले असेल: सकाळी पावाचा तुकडा, थोडी मासळी, एक कप चहा. संध्याकाळी परत आल्यावर बोव्हरिल, म्हणजे मांसाच्या अर्काचे गरम पेय, आणि बिस्किटे. रात्री दहाच्या सुमाराला भुकेने पोटात आग पडली की एका ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. आम्ही गिरणीवाले ज्याला दिवसपाळीला जोडून रातपाळी म्हणतो, ती ते रोज करीत होते. फक्त ओव्हरटाइम कुणी देत नव्हते.

या घरापासून ब्रिटिश म्युझियम चार किलोमीटरच्या आसपास आहे. परळहून भायखळ्याला जावे एवढे अंतर धरा. चॉक फार्मचे भुयारी रेल्वेचे स्टेशन जवळच होते, ते १९०७ सालीच सुरू झाले होते. बसही होत्या. पण भाडे वाचवण्यासाठी बाबासाहेब लंडनमध्ये पायी चालत. म्हणजे एका अर्थाने लंडन त्यांनी आपल्या मुलांपेक्षा जास्तच पाहिले, कारण जो चालतो तोच शहर बघतो. घराच्या दक्षिणेला प्रिमरोज हिल नावाची टेकडी आहे. फार उंच नाही, पण वर उभे राहिले की सारे लंडन समोर पसरलेले दिसते, सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमटसुद्धा. टेकडीच्या पलीकडे रीजंट्स पार्क आणि त्यातला १८२८ साली उघडलेला प्राणिसंग्रह. लोक पैसे मोजून सहलीला जातात तो हा भाग. बाबासाहेबांचे बिऱ्हाड त्याच्या उंबऱ्यावर होते.

आता म्युझियम. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटते की ब्रिटिश म्युझियम म्हणजे लायब्ररी. तसे नाही. ते जगभरातून आणलेल्या वस्तूंचे संग्रहालय आहे, १७५९ सालापासून लोकांना खुले असलेले. इमारतीच्या मधोमध वाचनाची गोल खोली आहे. १८५७ साली ती बांधून पुरी झाली. तिचा घुमट सुमारे १४० फूट रुंद आहे. त्याच्याखाली चाकाच्या आऱ्यांसारखी टेबले मांडलेली होती. कार्ल मार्क्सने याच खोलीत बसून वर्षानुवर्षे वाचन केले. लेनिन १९०२ साली खोटे नाव घेऊन इथे वाचायला येत असे. वाचकाला ओळखीवर पास मिळे. पास असला की पुस्तक टेबलावर, मग तो लॉर्डाचा मुलगा असो की महार सुभेदाराचा. सकाळी दार उघडले की बाबासाहेब आत आणि संध्याकाळी बंद होताना बाहेर. दुपारच्या जेवणाला सुट्टी नाही, कारण जेवायला पैसे नाहीत. याशिवाय इंडिया ऑफिसचे ग्रंथालय आणि लंडन विद्यापीठाचे ग्रंथालय, तिथेही त्यांचे वाचन चाले.

याच इमारतीतली दुसरी एक गोष्ट आपल्या मुलांना माहीत नसते, ती मुद्दाम सांगतो. म्युझियमच्या मुख्य जिन्याच्या भिंतीवर तेव्हा बरीच वर्षे पांढरट दगडाची शिल्पे लावलेली होती. ती अमरावतीच्या स्तूपाची. आपली वऱ्हाडातली अमरावती नव्हे, आंध्रात कृष्णा नदीच्या काठावरची. तिथे इसवी सनाच्या आधीपासून बौद्धांचा मोठा महास्तूप उभा होता. धम्म तिथून ओसरला, स्तूप मातीखाली गेला, लोकांनी त्याचे दगड घराला वापरले, काही भाजून चुना केला. १८४५ साली वॉल्टर एलियट नावाच्या अधिकाऱ्याने तिथे खोदून बरेच दगड मद्रासला नेले. तिथे ते उन्हापावसात पडून राहिले. १८५९ साली बोटीने लंडनला पाठवले आणि १८८० मध्ये ते ब्रिटिश म्युझियममध्ये आले. त्या दगडांवर काय आहे? बोधिवृक्ष, रिकामे आसन, चक्र, भगवंतांच्या पाऊलखुणा, आणि हात जोडून बसलेले सामान्य स्त्री-पुरुष. काही शिल्पांत भगवान बुद्धांची मूर्ती नाही, नुसते आसन आणि झाड आहे, आणि तरीही माणसे वाकलेली आहेत.

१९०७ साली मॅट्रिक पास झाल्यावर केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांच्या हातात दिले होते. पंधरा वर्षांनी तोच भीमराव रोज ज्या इमारतीत रुपयाच्या अर्थशास्त्राची पुस्तके वाचत बसे, तिच्या जिन्यावर आपल्याच देशातून गेलेला बुद्ध भिंतीला टेकून होता. १४ ऑक्टोबर १९५६ अजून फार लांब होते.

ग्रेज इनची गोष्ट वेगळी आहे. बॅरिस्टर व्हायचे तर नुसती परीक्षा देऊन चालत नसे. त्या संस्थेच्या सभागृहात दर सत्रात ठराविक वेळा जेवायला बसावेच लागे. जेवण हजेरीत धरले जाई. चार-चार जणांचा एक गट करून लांब टेबलांवर बसवण्याची त्यांची जुनी पद्धत. समोरचा माणूस तुम्हाला मीठ देणार, तुम्ही त्याच्याकडे भाजीचे भांडे सरकवणार. विचार करा, ज्या माणसाला शाळेत बसायला गोणपाट घरून न्यावे लागले, ज्याला नळाची तोटी स्वतःच्या हाताने सोडायची परवानगी नव्हती, त्याला इथे कायद्याचा विद्यार्थी म्हणून सगळ्यांच्या पंगतीत बसणे सक्तीचे होते. न बसला तर बॅरिस्टर होता येणार नाही!

आणि लगेच पुढचे वर्ष बघा. १९१७ साली तेच भीमराव बडोद्याला नोकरीवर हजर झाले. कोलंबियाची पदवी, लंडनचे शिक्षण, आणि राहायला खोली मिळेना. ऑफिसातले शिपाई कागद लांबून टेबलावर टाकीत. प्यायला पाणी मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. १९१८ मध्ये मुंबईत प्राध्यापक झाले, तर स्टाफच्या खोलीतल्या माठातले पाणी प्यायला सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. लंडन आणि बडोदे यांच्यामध्ये बोटीचा जेमतेम महिनाभराचा प्रवास. माणूस तोच, कपडे तेच.

पाण्याचा विषय निघाला म्हणून ग्रेज इनपासून थोड्या चालीवरची एक जागा सांगतो. हॉबर्न भागात सेंट सेपलकर नावाचे चर्च आहे. त्याच्या कुंपणाच्या भिंतीत लंडनमधला पहिला सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. १८५९ साली, म्हणजे अमरावतीचे दगड ज्या वर्षी लंडनला निघाले त्याच वर्षी, तो सुरू झाला. त्याआधी लंडनच्या गरिबाला पाणी म्हणजे खासगी कंपन्यांचे, नाहीतर पंपाचे घाण पाणी. १८५४ साली सोहो वस्तीत पटकीने शेकडो माणसे मेली, आणि डॉक्टर जॉन स्नो यांनी दाखवून दिले की ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचे पाणी त्याच्या मुळाशी आहे. मग सॅम्युएल गर्नी नावाच्या खासदाराने संस्था काढली आणि शहरभर फुकट पाण्याचे नळ बसवायला सुरुवात केली. साखळीला बांधलेला पेला, तोच सगळ्यांना. पहिल्या नळावर दिवसाला सात हजार माणसे पाणी पीत असे सांगतात. पुढे त्याच संस्थेने घोड्यांसाठी आणि गुरांसाठीही रस्तोरस्ती पाण्याच्या दगडी डोण्या बसवल्या.

त्या वेळी आपल्याकडे काय होते हे वेगळे सांगायला नको. १९२३ साली बाबासाहेब लंडनहून परतले, त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव पास झाला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे कागदावर लिहिलेही. प्रत्यक्षात तळ्यावर गुरे पाणी पीत, अन्य धर्मांची माणसे पीत, अस्पृश्य मात्र जाऊ शकत नव्हता. २० मार्च १९२७ ला काय झाले ते या स्मरणिकेच्या वाचकांना पाठ आहे.

म्हणून लंडन म्हणजे न्यायाची पंढरी होती असे मात्र कुणी समजू नये. हे शहर आपल्या कापसावर आणि करांवर मोठे झाले होते. बाबासाहेबांचा तिथला अभ्यासच मुळी या लुटीच्या हिशेबाचा होता. १९२१ साली एम.एस्सी. साठी त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर प्रबंध दिला. १९२२ साली बॅरिस्टर झाले. डी.एस्सी. चा 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध दिला तेव्हा त्यातली सरकारवरची टीका परीक्षकांना झोंबली आणि त्यांनी तो दुरुस्त करून मागितला, असे चरित्रकार लिहितात. मुंबईला येऊन तो पुन्हा पाठवला आणि १९२३ मध्ये पदवी मिळाली. रुपयाचा भाव किती पेन्स हा वाद आज कोरडा वाटतो, पण त्या भावावर मुंबईच्या गिरण्यांचा माल खपणार की पडून राहणार हे ठरत असे, आणि माल पडून राहिला की पहिली कुऱ्हाड कामगाराच्या पगारावर. गिरणगावाचा प्रश्न तो लंडनच्या घुमटाखाली बसून सोडवत होता.

या सगळ्याची किंमत कोण मोजत होते? परळच्या बी.आय.टी. चाळीत रमाई. घरात तुटपुंजा पैसा, लेकरांची आजारपणे, आणि पत्राची वाट. मुलाने परदेशात पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीचा पैसा कुणाच्या तरी चुलीतून गेलेला असतो, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. पण एवढे म्हणून थांबू नये. रमाईने उपास काढले ते पुढच्या पिढीने बंद खोलीत कुढत बसावे म्हणून नव्हेत.

बाबासाहेब जन्मतः रूक्ष होते हेही खरे नाही. न्यूयॉर्कला गेल्यावर सुरुवातीचे काही महिने मित्रांबरोबर खेळण्या-फिरण्यात गेले होते असे कीरांनीच लिहिले आहे. मग त्यांनी स्वतःला आवरले. आणि फिरण्याची त्यांची एक आवड सुटली नाही, जुन्या पुस्तकांच्या दुकानांची. न्यूयॉर्कमध्ये असताना त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके गोळा केली होती. कुणी राजवाडे बघतो, कुणी पुस्तकांच्या फळ्या बघतो. दोन्ही बघणेच आहे.

पुढे १९३० साली हा विद्यार्थी तिसऱ्यांदा लंडनला गेला तो गोलमेज परिषदेचा प्रतिनिधी म्हणून, रावबहादूर श्रीनिवासन यांच्याबरोबर. १२ नोव्हेंबरला राजाच्या हस्ते परिषदेचे उद्घाटन झाले आणि नंतर सेंट जेम्स राजवाड्यात कामकाज चालले. पापड भाजून खाणारा माणूस आता राजवाड्यात खुर्चीवर होता. तिथल्या आपल्या भाषणात त्यांनी सरकारला थेट विचारले, की ब्रिटिश येण्यापूर्वी अस्पृश्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, तुम्ही तो हक्क त्यांना मिळवून दिला का? देवळात जाता येत नव्हते, आता येते का? पोलिसात घेत नव्हते, आता घेतात का? ज्या शहरात घोड्यालासुद्धा रस्त्यावर पाणी ठेवलेले त्यांनी विद्यार्थी असताना पाहिले, त्या शहराच्या राज्यकर्त्यांना त्यांनी पाण्याचाच जाब विचारला. हे भाषण मुळातून वाचावे. शासनाने छापलेल्या खंडांत आहे.

आता मुलांसाठी थोडे कामाचे. १०, किंग हेन्रीज रोडचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते स्मारक म्हणून त्याचे उद्घाटन झाले. पुढे शेजाऱ्यांच्या तक्रारींवरून तिथल्या कॅम्डन कौन्सिलने स्मारकाला परवानगी नाकारली. स्मारक बंद करावे लागते की काय अशी वेळ आली होती. जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी परवानगी दिली. एलएसईत बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. ग्रेज इनमध्ये २०२१ साली एका खोलीला त्यांचे नाव दिले. त्यांनी जिथे पंगतीत बसून जेवण केले ते जुने सभागृह मात्र १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले, आज आहे ते नंतर पुन्हा बांधलेले.

म्युझियमची लायब्ररी १९९७ साली सेंट पँक्रासजवळच्या नव्या इमारतीत गेली. घुमट जागेवर आहे, त्याच्याभोवती २००० साली काचेच्या छताचा चौक केला. अमरावतीची शिल्पे आता जिन्यावर नाहीत, ३३-अ क्रमांकाच्या दालनात काचेमागे आहेत. बहुतेक पर्यटक रोझेटाचा दगड आणि इजिप्तची प्रेते बघून बाहेर पडतात, तिकडे फिरकत नाहीत. म्हणून आपल्या मुलांना घरच्यांनी फोनवर सांगावे, की बाबा, त्या दालनात जा, आणि आमच्यासाठी तिथला फोटो पाठव. आत जायला पैसे पडत नाहीत.